मनोरीचा खारं पाणी गोडं करायचा प्रकल्प : आता सभागृह आलंय, तर विचारायचं काय?

वलांडी

महापालिकेत एकदाचे नगरसेवक आले. जुन्यांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि नव्यांसाठी मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधला सगळा काळ प्रशासकाच्या सहीवर गेला. नेमक्या याच काळात आमच्या मनोरीचा प्रकल्प कागदावरून निविदेपर्यंत पोचला. समुद्राचं पाणी गोडं करायचं, रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत वाढवायची सोय. जागा गावातलीच, १२ हेक्टर. अहवाल बनवायचा करार जून २०२१ चा, निविदा डिसेंबर २०२३ ची, आणि त्यानंतर मुदतवाढीवर मुदतवाढ.

ज्यांनी मनोरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: मार्वेच्या धक्क्यावरून समोर दिसतो तो आमचा किनारा. खाडी ओलांडायला फेरीबोट, नाहीतर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा. मत मुंबईत, घरपट्टी मुंबईची, पण बाजाराला निघालं की आम्ही अजून ‘मुंबईला जाऊन येते’ म्हणतो.

गावात सध्या प्रत्येकाकडे एक बातमी आहे. एक म्हणतो होड्या बंद करणार. दुसरा म्हणतो घरटी एक नोकरी. तिसऱ्याला कुणीतरी सांगितलंय की मिठाचे डोंगर उभे राहणार. फेरीच्या रांगेत काल यावरून दोन बायकांची जी जुंपली, की बोट सुटायला आली तरी कुणाला पत्ता नाही.

मला ‘प्रकल्प हवा की नको’ हा वाद इथे घालायचा नाही. तो गावात रोज चालतो आणि रोज तिथल्या तिथेच राहतो. नव्या नगरसेवकाकडे जायचं तर हातात काय घेऊन जावं, एवढं ठरवायचंय. ज्यांना पाण्यातलं, कायद्यातलं कळतं त्यांनी लिहा.

बोरिवलीचा_बाबू

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजूही लिहितो. जून २०२४ मध्ये १० टक्के पाणीकपात होती. आमच्या सोसायटीत त्या महिन्यात टँकरच्या पैशांवरून सेक्रेटरीला राजीनामा द्यावा लागला. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी ही सातही तळी पावसाच्या भरवशावर. जुलै कोरडा गेला की अख्खी मुंबई पेपरातला तलावसाठ्याचा तक्ता वाचत बसते.

पर्याय काय, तर गारगाई धरण. ४४० दशलक्ष लिटर मिळेल म्हणतात. पण ते बांधायचं वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या जंगलात. झाडं लाखांनी जाणार आणि आदिवासी गावं बुडणार. तुमच्या खाडीत प्रकल्पातलं उरलेलं खारट पाणी नको म्हणून त्यांच्या घरात गोडं पाणी भरायचं का? समुद्र तर कुणाच्या बापाचा नाही.

खुंटावरचा

समुद्र कुनाच्या बापाचा नाय हे शेरातल्या मानसाला बोलायला बरा वाटतंय. जाला बांधायला समिंदरात जो खुंट रोवतो, त्याची जागा माज्या आज्यापासून चालत आलीय. बाजूवाल्याचा खुंट कुटं, माजा कुटं, कागूद नाय तरी अख्ख्या गावाला ठाव हाय. वादळात खुंट मोडला तरी त्या जागेवर दुसरा कोन येत नाय.

निवृत्त_जलवाहिनी

उभी हयात पाण्याच्या कामात गेली, म्हणून आधी हिशेब मांडतो. मग भांडा.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते मोठ्या दाबाने क्षार अडवणाऱ्या पडद्यातून ढकललं की शंभर लिटरमागे ४० ते ४५ लिटर गोडं हाती लागतं. म्हणजे रोज २०० दशलक्ष लिटर हवं तर समुद्रातून ओढायचं साडेचारशे ते पाचशे. उरलेलं अडीचशे ते तीनशे दशलक्ष लिटर परत समुद्रातच, आणि त्यात लिटरमागे ६० ग्रॅमच्या आसपास क्षार. मिठाचे डोंगर वगैरे काही होत नाहीत, जे असतं ते पाण्यातच असतं. वलांडीताई, फेरीच्या रांगेत एवढं सांगून टाका.

पण हे पाणी जड असतं. नुसतं सोडून दिलं तर तळाशी बसतं आणि तळालगतच पसरतं. म्हणून नळ खोल पाण्यात नेऊन, टोकाला बारीक तोंडं ठेवून जोराने फवारतात. ओढ चांगली असेल तर थोड्या अंतरावर ते मिसळून जातं. खाडीच्या तोंडाशी, उथळ जागी सोडलं तर मिसळत नाही. सगळी गोम नळाचं टोक कुठे आहे यात आहे.

विजेचं कुणी बोलत नाही. हजार लिटरला साडेतीन युनिट धरा, रोजचे सात लाख युनिट होतात. तानसा-वैतरणेचं पाणी बरंचसं उतारानेच मुंबईत येतं. भातसाचं पिसे इथल्या केंद्रातून पंपाने उचलतो, त्याचंच बिल बघून डोळे पांढरे व्हायचे. प्रकल्प वाईट नाही, महाग आहे. मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी मिळतं. त्यातलं पावाहून जास्त गळती आणि चोरीत जातं. या प्रकल्पातून मिळणार जेमतेम ५ टक्के. गळती निम्मी केली तर असे दोन प्रकल्प जमिनीखालीच सापडतील. पण जुनी जलवाहिनी बदलताना रस्ता खणावा लागतो, लोक शिव्या घालतात, आणि फीत कापायला काही उरत नाही.

बोरिवलीचा_बाबू

काका, गळतीचं लहानपणापासून ऐकतोय. ती थांबेपर्यंत आम्ही काय करायचं?

निवृत्त_जलवाहिनी

बादली भरून ठेवायची. आम्ही तेच करतो.

फेरीबोट

पाणी राहू दे, आधी पुलाचं बोला. रात्री ओहोटीला बोट लागत नाही, म्हातारं माणूस आजारी पडलं तर उत्तनवरून न्यायचं. वर्सोवा-मढचा पूल होणार म्हणतात, मग मार्वे-मनोरीला काय धाड भरलीय? प्लांटची अवजड यंत्रं काय फेरीबोटीतून आणणार आहेत? त्यांना रस्ता लागेल, तेव्हा आपोआप होईल बघा. आमच्यासाठी नाही झाला, यंत्रांसाठी होईल.

निसर्गमित्र_७८

आणि त्या रस्त्यासाठी कांदळवन जाईल. वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्यात ४५ हजारांवर झाडांचा प्रश्न कोर्टापर्यंत गेलाच आहे. गोराई-मनोरीत तर...

संपादक

पूल आणि किनारी रस्ता यांच्यासाठी वेगळे धागे आहेत. तिथे जा. फेरीबोट, तुमचा यंत्रांचा मुद्दा मात्र इथेच ठेवतोय, तो विषयाला धरून आहे.

वलांडी

बाबूदादा, गारगाईचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि मला ते टोचलं. पण आमचं नेमकं काय जाईल तेही सांगते.

आमच्याकडे डोल लागते. मोठ्या पिशवीसारखं जाळं, दोन खुंटांच्या मध्ये बांधलेलं. होडी माशामागे पळत नाही. उधाणाच्या ओढीबरोबर मासळी आपसूक जाळ्यात येते, आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी मरतं तेव्हा जाळं वर. बोंबील, करंदी, जवळा, मांदेली. बोंबील घरी आला की बायका निवडतात, धुतात, मग दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या बांबूंच्या मांडवावर, टाकतात. हात इतके चालतात की बघणाऱ्याला जबडा कधी उघडला ते दिसत नाही. दिवाळीपासून पुढे थंडीच्या कोरड्या वाऱ्यावर जो बोंबील सुकतो, त्यावर पावसाळ्यातली बंदी निघते. १ जून ते ३१ जुलै होड्या वर असतात, तेव्हा घरात पैसा येतो तो या सुक्या मासळीचा.

आता काका म्हणतात जड पाणी तळाशी बसतं. डोलीचं तोंडही पार वर नसतं हो. आणि रोज पाचशे दशलक्ष लिटर ओढणार, तर त्या नळात नुसतं पाणी जाईल का? जवळ्याची अंडी, बोंबलाची पिल्लं कुणाच्या हिशेबात आहेत?

निवृत्त_जलवाहिनी

बरोबर विचारलंत. तोंडाशी जाळी बसवतात आणि पाणी इतक्या सावकाश ओढायचं की मोठा मासा पोहून निघून जाईल, अशी रचना करता येते. अंडी आणि पिल्लं मात्र जातातच. किती, ते तिथल्या पाण्याचा वर्षभराचा अभ्यास असल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. पावसाळ्यासकट वर्षभराचा. नुसता हिवाळ्यातला नाही.

बोरिवलीचा_बाबू

चेन्नईत हे कधीचं चालू आहे. मिंजूर २०१० पासून, नेम्मेली २०१३ पासून, दोन्ही १०० दशलक्षचे. नेम्मेलीजवळ २०२४ मध्ये आणखी १५० चा झाला. तिथले कोळी मेले का?

खुंटावरचा

मेले नाय. वरडतात. नेम्मेलीवाल्यांनी किनारा खातोय, मासली लांब गेली अशी वरड केलीच हाय. तुला पानी मिलतंय तवर ती तुला ऐकू येनार नाय.

निवृत्त_जलवाहिनी

चेन्नईचं इथे जसंच्या तसं लागू करू नका. तिकडचा समुद्र त्या मानाने स्वच्छ. आपल्याकडे खाडीचा गाळ, भरती-ओहोटीचा मोठा फरक, पावसाळ्यात तर चहाच्या रंगाचं पाणी. ते पडद्यापर्यंत न्यायच्या आधी रसायनं घालून गाळ बसवावा लागतो. तो गाळ, गाळण्या धुतलेलं पाणी, पडदे साफ करायची रसायनं हे सगळं कुठे जाणार? खारट पाण्यावर सगळे बोलतात, या गाळाबद्दल कुणीच विचारत नाही. शिवाय शहराचं मैलापाणी याच समुद्रात येतं. सात मलजल प्रक्रिया केंद्रांची कामं चालू आहेत, एकूण २,४६४ दशलक्ष लिटरची. त्यातलं थोडं आणखी शुद्ध करून बागा, बांधकामं, कारखाने यांना दिलं तर तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी सुटतं. मीठ काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पण लोकांना नाव ऐकूनच कसंतरी होतं.

आरटीआय_मावशी

उशिरा आले, पण सगळं वाचलं. आता कायद्याचं बोलूया, कारण गावात एक मोठा गैरसमज दिसतोय की ‘जनसुनावणी होईल तेव्हा बघून घेऊ’.

जनसुनावणीची वाट बघू नका. पर्यावरण आघाताची जी २००६ ची अधिसूचना आहे, तिच्या यादीत खारं पाणी गोडं करण्याचे प्रकल्पच नाहीत. जनसुनावणी बंधनकारक होते ती त्या यादीतल्या प्रकल्पांना. इथे लागते ती सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, परवानगी, आणि २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत असे प्रकल्प किनाऱ्यावर चालतात असं लिहिलेलंच आहे. ती फाइल जाते महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. त्यांच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर असतात. ती कुणी वाचत नाही. त्यात अटी घातलेल्या असतात, आणि ती अट पाळली का हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

दुसरं, माहिती अधिकार. दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवस. पण ‘आमच्या होड्यांचं काय होणार’ असं विचारलंत तर ‘मागितलेली माहिती या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल. का, कसं, काय होईल असलं काही विचारायचंच नाही. कागद मागायचा. अमुक अहवालाची प्रत, नळाच्या टोकाचे अक्षांश-रेखांश दाखवणारा नकाशा, मच्छीमारांच्या जागांचं सर्वेक्षण झालं असल्यास त्याची प्रत. ‘झालं असल्यास’ हे दोन शब्द विसरू नका. सर्वेक्षण झालंच नसेल तर ‘अभिलेखावर उपलब्ध नाही’ असं लेखी येतं, आणि तो कागद सर्वेक्षणाइतकाच कामाचा.

नगरसेवकाचं म्हणाल तर त्याला नुसतं निवेदन देऊन, फोटो काढून परत येऊ नका. निवेदनं कपाटात जातात. त्याच्याकडून प्रभाग समितीत विषय काढून घ्या आणि सभागृहात ठरावाची सूचना द्यायला लावा. एकदा सूचना सभागृहात मंजूर झाली की प्रशासनाला अभिप्राय द्यावा लागतो. तो कसाही आला तरी लेखी येतो. नंतर ती दप्तरी दाखल झाली तरी हरकत नाही, कागद हातात राहतो.

वरळीचा_जावई

आमच्या सासुरवाडीचं उदाहरण घ्या. किनारी रस्ता सी-लिंकला जिथे जोडला, तिथे होड्यांच्या वाटेत दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कोळी पहिल्यापासून सांगत होते की वारा-ओढ असताना एवढ्यातून होडी निघणार नाही. होड्या घेऊन काम अडवलं, दिवसचे दिवस समुद्रात उभे राहिले. शेवटी २०२२ सरताना १२० मीटर मान्य झालं, मधला एक खांब गाळला. मागणी त्याहून जास्तीची होती. ज्यांनी आयुष्य त्या वाटेत काढलं त्यांना नकाशा काढतानाच विचारलं असतं तर एवढं सगळं झालंच नसतं.

खुंटावरचा

हेच तर बोलतोय मी. नकाशावर तुमी पायप मारला, त्यावर खुंट हाय का नाय कोन बघनार? आनि पायप टाकला की त्याच्या आजूबाजूला नांगर टाकायचा नाय, जाला लावायचा नाय, असा बोर्ड लागनार. कवढा पट्टा? पन्नास वाव का पाचशे? त्याचा पयला जबाब द्या. बाकीचा नंतर.

निवृत्त_जलवाहिनी

एवढ्या पानांत सगळ्यात नेमका प्रश्न हा आहे. नळाभोवती असा पट्टा ठेवतात. तो किती रुंद ते आराखड्यात ठरतं. आराखडा पक्का व्हायच्या आधी तुमच्या खुंटांचा नकाशा त्यांच्या टेबलावर पोचला पाहिजे. तो तुम्हीच करा, दुसरं कुणी करणार नाही. आजकाल मोबाईलवर जागा नोंदवता येते. प्रत्येक होडीवाल्याने आपल्या खुंटावर जाऊन एकदा बोट दाबायचं, बस.

खुंटावरचा

काका, खुंटाची जागा एकदा कागदावर गेली की उद्या तिच्यावर कर लावतील. म्हातारी मानसं ऐकनार नाय.

आरटीआय_मावशी

दादा, तुमची भीती खोटी नाही. पण जी जागा कागदावर नाही तिची भरपाईही मिळत नाही. नकाशा मच्छीमार सोसायटीच्या नावाने करा, माणसांची नावं न घालता. नुसते ठिपके.

वलांडी

हे जमेल. सोसायटीच्या लोकांशी बोलते. मोबाईल हातात धरायला कॉलेजची पोरं तयार होतील, त्यांना नाहीतरी होडीवर जायला निमित्तच हवं असतं.

आणखी एक. प्लांट आमच्या गावात, पाणी बोरिवली-मालाडला. आमच्या आळीत टोकाच्या घरांना नळाची धार करंगळीएवढी येते. गावाला आधी पाणी द्या असं मागायचं का?

खुंटावरचा

नाय. पान्याचं लालूच दाखवलं की अर्धा गाव सही करून मोकला होईल.

निवृत्त_जलवाहिनी

मागा. त्यात लालूच कसली? गावाला लागेल ते पाणी या प्रकल्पाच्या हिशेबात दशांशानंतर येईल. फक्त आपल्या मूळ प्रश्नांच्या अर्जात ते घालू नका. उत्तर देणारा सोपा प्रश्न उचलेल आणि बाकीचे सोडून देईल.

वलांडी

मग वेगळा अर्ज. मूळ अर्जाचा मसुदा असा करतेय: पाणी ओढायच्या आणि सोडायच्या नळांची टोकं दाखवणारा नकाशा, त्या नळांभोवती मासेमारीला बंद राहणाऱ्या पट्ट्याची रुंदी ज्यात आहे तो कागद, सागरी पर्यावरणाच्या अभ्यासाची पूर्ण प्रत, त्यातल्या नमुन्यांच्या तारखांसह, म्हणजे पावसाळा धरला की नाही ते कळेल, गाळ आणि रसायनं कुठे जाणार याचा आराखडा, किनारा प्राधिकरणाने घातलेल्या अटी, आणि मच्छीमारांच्या जागांचं सर्वेक्षण, झालं असल्यास. नगरसेवकाला यातलंच पहिलं, दुसरं आणि शेवटचं द्यायचं, ठरावाच्या सूचनेसाठी. जास्त दिलं तर वाचणार नाही.

आरटीआय_मावशी

छान. ‘आराखडा’च्या पुढे ‘मंजूर किंवा प्रारूप’ असं घाला, नाहीतर ‘अद्याप मंजूर नाही’ म्हणून सुटतील. आणि यंत्रं कोणत्या मार्गाने आणणार त्याचाही कागद मागा. फेरीबोटवाल्यांनी तो मुद्दा गमतीत टाकला, पण खाडीत तात्पुरता धक्का किंवा भराव होणार असेल तर तो इथेच कळेल.

बोरिवलीचा_बाबू

माझी सही चालेल का? मला प्रकल्प हवाय, हे आधीच सांगतो. पण हे कागद मलाही बघायचेत. साडेतीन हजार कोटींचा आकडा पेपरात वाचला होता, त्यात पुढच्या वीस वर्षांचा चालवण्याचा खर्चही धरलेला. सात लाख युनिटांचं बिल शेवटी माझ्याच पाणीपट्टीत येणार.

खुंटावरचा

याची सही नको. उद्या पेपरात येईल, गावासोबत शेरवाले पन आले, म्हंजे गाव तयार हाय.

वलांडी

माहितीच्या अर्जाला एकाच माणसाची सही लागते, तो मी माझ्या नावाने करते. बाबूदादा, तुम्ही बोरिवलीतून तुमचा वेगळा टाका, विजेच्या आणि पाणीपट्टीच्या कागदांसाठी. दोन वेगळ्या भागांतून दोन अर्ज गेले तर बरंच आहे. ठरावाच्या सूचनेच्या मागणीवर मात्र फक्त गावातल्या सह्या. दादा, तुमची सही त्यात हवी, आणि सोसायटीच्या बैठकीला तुम्हीच या. पट्ट्याचा प्रश्न तुम्ही विचारलात तसा मला विचारता येणार नाही.

खुंटावरचा

भांगाला ठेवा बैठक. उधानाला कोन येनार नाय.